शंभर रुपयांच्या पावतीचा इतिहास



महाशिवरात्र आली की परळीत पाय ठेवायला जागा उरत नाही. श्रावणातल्या सोमवारीही तसंच. लांबलांबून माणसं वैद्यनाथाच्या दर्शनाला येतात. रांगेत उभी राहतात, चहा पितात, काहीबाही खातात, पाणी पितात आणि घरी जाताना लेकरांसाठी खाऊ घेऊन जातात. याच गर्दीत आपल्या बचत गटांच्या बायाही बसलेल्या असतात. कुणी पापड-कुरडया विकतं, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी चिवडा-लाडू. मोसम असला तर सीताफळाच्या पाट्याही असतात.

या बसण्यासाठी कागद लागतात. जागेची पावती लागते. खाण्याचा माल विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी लागते. गावी परतलं की ग्रामपंचायतीची मागणी येते. त्यात घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी असते. मग बैठकीत प्रश्न येतोच, "ताई, एवढ्या पावत्या फाडतो, त्याचं आपल्याला मिळतं काय?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देण्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागतं. आज आम्ही तोच इतिहास सांगणार आहोत. आरोग्याच्या नावानं घेतलेली फी कुठून आली, कुणी भरली, कुणी हिशेब मागितला आणि आज आपल्या हातातल्या पावतीत आपला कोणता हक्क आहे, ते बघू.

सुरुवात कॉलऱ्यापासून करू. आपल्या आजी-पणजी त्याला पटकी म्हणायच्या. कुणी महामारी म्हणायचं, कुणी मरीआईचा कोप. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकीची मोठी साथ आली आणि तिथून ती युरोपपर्यंत गेली. दुसऱ्याच वर्षी, १८६६ साली, निरनिराळ्या देशांच्या डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची परिषद इस्तंबूलला भरली. पटकीचं मूळ हिंदुस्थानात आहे आणि यात्रांमधून ती पसरते, असं तिथं ठरवण्यात आलं. पटकीचा जंतू तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हता. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरानं तो १८८४ साली कलकत्त्याच्या पाण्यात आणि रोग्यांत दाखवून दिला. पण गर्दी, घाण आणि दूषित पाणी जिथं एकत्र येतात तिथं साथ येते, एवढं लोकांना दिसत होतं.

मग सरकारचं लक्ष यात्रेच्या गावांकडे वळलं. जगन्नाथ पुरी तेव्हा बंगाल प्रांतात होती. १८७१ साली तिथं यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या घरांसाठी कायदा झाला. घरमालकानं परवाना घ्यायचा, किती माणसं ठेवणार ते सांगायचं, त्या हिशेबानं फी भरायची आणि आरोग्य अधिकाऱ्यानं येऊन घर तपासायचं. आपल्याकडे पंढरपूरलाही नगरपालिका यात्रेकरूंकडून कर घेत असे. दहा दिवसांत लाखो माणसं येऊन जाणार, त्यांच्यासाठी पाणी, संडास आणि सफाई लागणार, तो खर्च गावातल्या थोड्या घरांनी कसा पेलायचा? त्यामागचा विचार असा होता.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही फी तपासणीसाठी जन्माला आली. पैसे आधी आणि तपासणी जमली तर, असा तो करार नव्हता. घर तपासायचं, पाणी बघायचं, गर्दी मोजायची म्हणून माणूस नेमायचा, आणि त्या माणसाच्या पगारासाठी फी घ्यायची.

दुसरी गोष्ट कडू आहे. पैसे एकानं भरले आणि घाण उपसली दुसऱ्यानं. मुंबईत घरोघरचा मैला उचलण्यासाठी जो कर घेत, त्याचं नावच हलालखोर कर होतं. मैला उचलणाऱ्या जातीच्या माणसांवरून ते नाव पडलं, आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ते तसंच लिहिलं गेलं. आरोग्य सगळ्या शहराचं आणि त्यासाठी डोक्यावर टोपली काही ठराविक घरांतल्या बाया-माणसांच्या, असा हा व्यवहार होता. माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली आले. म्हणजे कर लावायला वेळ लागला नाही, पण माणसाच्या डोक्यावरची टोपली उतरवायला शंभर वर्षं लागली. पावतीचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळून चालणार नाही.

आता मुंबईचीच दुसरी गोष्ट. १८६५ साली मुंबई शहरासाठी नवा कायदा झाला आणि नगरपालिकेचा कारभार एका आयुक्ताच्या हाती आला. त्याचं नाव आर्थर क्रॉफर्ड. आरोग्य अधिकाऱ्याचं पद आलं, सफाईची व्यवस्था लागली, बाजार बांधले गेले. १८६९ साली बांधून झालेली मोठी मंडई तर त्याच्याच नावानं क्रॉफर्ड मार्केट म्हणून ओळखली गेली. कामं झाली, पण खर्च हाताबाहेर गेला आणि कर वाढत गेले. खर्चाचा हिशेब विचारायला कुणीच नव्हतं. १८७१ साली करदाते उठले. आमचे पैसे कुठं जातात ते सांगा, आणि सांगणारे आम्ही निवडलेले हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. क्रॉफर्डला जावं लागलं. १८७२ च्या कायद्यानं ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. तो हक्क थोड्या पैसेवाल्या लोकांपुरताच होता हे खरं. तरी पैसे भरणाऱ्यानं हिशेब मागायचा असतो, हा धडा त्यातून मिळाला.

त्या मंडईचं नाव आज महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. जोतिबांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. १८७६ पासून काही वर्षं ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा १८८० साली त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून विरोध केला. व्हाइसरॉयच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हाही विरोधात उभे राहिलेले ते एकटेच होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं सांगणं होतं.

आम्ही यातून असा अर्थ घेतो की, परवान्याची फी मिळते म्हणून परवाना द्यायचा, हे कारण होऊ शकत नाही. लोकांच्या आरोग्याला काय होतं, ते आधी बघायचं. आपल्या राज्यातल्या कितीतरी गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली आणि दारूचं दुकान बंद पाडलं. त्या बाया जोतिबांचंच काम पुढं नेत होत्या.

आता तपासणीकडे येऊ. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आपल्या बायांच्या पोटात गोळा येतो. या भीतीलाही इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं पुण्यात पसरला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसून तपासणी करू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही राहिलं नाही. बायांना माणसांसमोर उभं करून तपासलं, सामान रस्त्यावर टाकलं, अशा तक्रारी झाल्या. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यातल्या बायांच्या हालांबद्दल वृत्तपत्रात लिहिलं.

आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याच्या दवाखान्यात त्या रोग्यांना आणत. शेवटी त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सोजिरांनी घरं तपासली आणि सावित्रीबाईंनी माणसं वाचवण्यासाठी जीव दिला. दोघांसमोरची साथ एकच होती. तपासणी गरजेची होती, यात शंका नाही. पण माणसाला चोर समजून केलेली तपासणी लोक लपवाछपवी करून चुकवतात आणि रोग तसाच राहतो. आपल्याला तपासणी हवी आहे, पण ती मान राखून केलेली हवी आहे.

हे सगळं इंग्रजांच्या मुलखात घडत होतं. आपली परळी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तिथला कारभार वेगळा, भाषा वेगळी, शब्दही वेगळे. त्यातला एक शब्द आजही आपल्या बाजारात रोज ऐकू येतो, तो म्हणजे तहबाजारी. बाजारात जमिनीवर माल मांडून बसण्याचे पैसे. पुण्या-साताऱ्याकडच्या बाईला हा शब्द कळणार नाही. आपल्या मराठवाड्यात मात्र दहा रुपयांची भाजी विकणारी म्हातारीसुद्धा तहबाजारी म्हणजे काय ते सांगते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. राज्य एक झालं, पण नगरपालिकांचे कायदे तीन होते. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई प्रांताचे, विदर्भात मध्य प्रांताचा आणि आपल्याकडे हैदराबादचा १९५६ चा. म्हणजे एकाच राज्यात तीन रीती. ते मोडून १९६५ साली सगळ्या नगरपरिषदांसाठी एक कायदा करण्यात आला. परळीची नगरपरिषद आज त्याच कायद्याखाली चालते.

गावासाठी १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. त्याचं १२४ वं कलम एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या. ग्रामपंचायत कोणकोणते कर आणि फी घेऊ शकते, याची यादी तिथं आहे. घरं आणि जमिनी, जत्रा आणि यात्रा, आठवडी बाजार, सफाईचा कर, पाणीपट्टी. पटकीच्या काळातला यात्रेकरूंवरचा कर या यादीतसुद्धा आहे. आपण ज्याला नवी कटकट म्हणतो, तिचं वय असं मोठं असतं.

आता खरी मेख. कर आणि फी यात फरक काय? बोलताना आपण दोन्हीला पट्टीच म्हणतो. पण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं हा फरक नीट सांगितला. कर सरकारच्या एकत्र तिजोरीत जातो. त्याच्या बदल्यात मला अमुक द्या, असं कर भरणारा म्हणू शकत नाही. फी तशी नाही. ती एखाद्या कामासाठी किंवा सेवेसाठी घेतलेली असते आणि त्या कामाशी तिचं नातं असावं लागतं.

हे नातं काय असतं, ते बनारसच्या सायकल रिक्षावाल्यांनी दाखवलं. तिथल्या पालिकेनं रिक्षाच्या परवान्याची फी वाढवली. एवढी फी कशासाठी, म्हणून रिक्षावाले कोर्टात गेले. पालिका म्हणाली, आम्ही गल्ल्यांची फरसबंदी करतो, रस्त्यावर दिवे लावतो, तो खर्च यात धरलाय. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्ते आणि दिवे हे पालिकेचं कायद्यानं ठरलेलं कामच आहे, ते सगळ्या गावासाठी करायचंय. त्याचा खर्च रिक्षावाल्यांच्या फीत धरता येणार नाही. ती फी रद्द झाली. सायकल रिक्षा ओढणारी गरीब माणसं, पण हिशेब मागितला आणि मिळवला.

पुढं १९८३ साली न्यायालयानं हेही सांगितलं की पै-पैचा हिशेब जुळलाच पाहिजे असं नाही. फी आणि काम यांचं ढोबळ नातं दिसलं तरी पुरे. परवाने देणं, नियम पाळले जातात का ते बघणं, यासाठीची फीसुद्धा चालते, फक्त ती वाजवी हवी. म्हणजे कुठलीही फी दिसली की कोर्टात पळा, असं आम्ही म्हणत नाही. पण फी भरणाऱ्या बाईला "ही कशाची?" एवढं विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

आता आपल्या शंभर रुपयांकडे येऊ.

खाण्यातल्या भेसळीविरुद्ध देशभरासाठी पहिला कायदा १९५४ साली झाला आणि १ जून १९५५ पासून लागू झाला. त्याच्या जागी २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. या नियमांनी छोट्या धंदेवाल्यांना वेगळं काढलं. वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असणाऱ्यांना मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरे, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये, असं ठरलं. १ ते ५ वर्षांची नोंदणी एकदम करता येईल, असंही ठरलं. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. दूध संघाच्या सभासद असलेल्या आणि संघालाच दूध घालणाऱ्या बाईला ही नोंदणी लागत नाही. मर्यादा आणि फी सरकार बदलू शकतं, म्हणून अर्ज करायच्या दिवशी आजचा आकडा बघून घ्यायचा.

पण २०११ च्या त्या नियमांत फीच्या पलीकडे काय लिहिलं होतं, ते फार थोड्या बायांना कुणी सांगितलं. ते असं.

अर्ज केल्यावर ७ दिवसांत अधिकाऱ्यानं नोंदणी द्यायची, नाहीतर कारण लिहून नाकारायची, नाहीतर तपासणीला येतो म्हणून कळवायचं. तपासणी करायची तर ३० दिवसांत निर्णय द्यायचा. ७ दिवसांत काहीच कळवलं नाही, किंवा ३० दिवसांत निर्णय आला नाही, तर छोटा धंदेवाला आपलं काम सुरू करू शकतो.

नोंदणी झालेल्या ठिकाणाची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हायची. हे बंधन अधिकाऱ्यावर आहे, आपल्यावर नाही.

अधिकाऱ्यानं तपासायला तुमचा माल नेला, तर बाजारभावानं त्याचे पैसे तुम्हाला द्यायचे. हे तर खुद्द कायद्यातच आहे, आणि १९५४ च्या कायद्यातही होतं. किलोभर चटणी फुकट उचलून नेणं ही तपासणी नव्हे.

गिऱ्हाइकालाही हक्क आहे. विकत घेताना दुकानदाराला तसं सांगून आणि तपासणीची फी भरून कुणीही माल तपासून घेऊ शकतं. माल वाईट निघाला तर भरलेली फी परत मिळते. म्हणजे आपल्या लेकराला दिलेल्या खव्याची, तेलाची, तिखटाची शंका आली, तर आपणही तपासणी मागू शकतो.

बघा मैत्रिणींनो, पुरीच्या घरांसाठी १८७१ साली जो करार होता, तोच इथंही आहे. फी भरा, आम्ही येऊन बघू. फक्त आपल्यापर्यंत पहिला भाग पोचला आणि दुसरा पोचला नाही.

त्यामुळे नुकसान काय होतं? पहिलं, दलालांचं फावतं. १०० रुपयांच्या नोंदणीसाठी हजार-दीड हजार मागणारा माणूस कुठल्याही बाजारात भेटतो. अर्ज २०२० पासून फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर करता येतो, फीही तिथंच भरता येते. पण मोबाइल नवऱ्याच्या हातात, नेट मिळत नाही, आणि बीडच्या कार्यालयात जायचं म्हटलं तर दिवस मोडतो. मग दलाल बरा वाटतो. त्याची पावती मात्र मिळत नाही.

दुसरं, आपल्या जिल्ह्याचं दुखणं म्हणजे ऊसतोड. दिवाळीनंतर गटातल्या निम्म्या बाया कोयत्याबरोबर कारखान्यावर जातात, त्या पाडव्याच्या आसपास परततात. नोंदणीची मुदत नेमकी त्याच महिन्यांत संपत असेल तर? २०११ च्या नियमांप्रमाणे मुदत संपायच्या ३० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. त्यानंतर, पण मुदतीच्या आत केला, तर उशिराबद्दल रोजचे १०० रुपये. म्हणजे वर्षाची फी शंभर आणि उशिराच्या एका दिवसाचेही शंभर. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्षभर एका जागी राहणारा दुकानदार होता. सहा महिने पालावर राहणारी बाई त्यांना दिसली नव्हती. म्हणून गटाची नोंदणी करताना जास्त वर्षांची एकदम करावी आणि मुदतीची तारीख गटाच्या ठराव-वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, असं आम्ही सगळ्या गटांना सांगतो.

तिसरं नुकसान सगळ्यात मोठं. तपासणी झालीच नाही तर आपल्या चांगल्या मालाला चांगलं म्हणणार कोण? ज्या बाईचं पाणी स्वच्छ आहे, भांडी झाकलेली आहेत, नखं कापलेली आहेत, खोकला असलेली बाई जिच्या घाण्यावर बसत नाही, तिला तपासणीची भीती नसते. नियमांत छोट्या धंद्यासाठी हेच तर लिहिलंय. जागा स्वच्छ, पाणी पिण्याजोगं, अंगात साथीचा रोग नको, कचरा झाकून ठेवायचा. आपल्या आजीनं पापड लाटताना हेच सांगितलं होतं. अधिकारी आला, त्यानं बघितलं आणि शेरा लिहिला, तर तो शेरा आपला. शहरातल्या दुकानदारापुढं तो कागद ठेवता येतो.

गावातली तपासणी कशी व्हावी, याचा चांगला नमुना आपल्याकडे आहे. विहीर, हातपंप, टाकी यांची वर्षातून दोनदा पाहणी होते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. मग ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. धोका कमी असेल तर हिरवं, मधला असेल तर पिवळं, जास्त असेल तर लाल. न शिकलेल्या बाईलाही रंग कळतो. जलजीवन मिशनमध्ये दर गावात ५ बायांना पाणी तपासायचं शिक्षण देऊन किट द्यायचं ठरलं आहे. टीसीएल पावडर पाण्यात पडली का, ते ओटी टेस्टनं मिनिटभरात कळतं, पाणी पिवळं होतं. पाणीपट्टी भरणारी बाईच पाणी तपासते, यापरता सरळ हिशेब कुठला? आपल्या गावाला यंदा कोणतं कार्ड मिळालं, ते ग्रामसभेत विचारा. गावात त्या पाच जणी कोण आहेत, तेही विचारा.

आणि ही रीत फक्त पापडवालीला लागू नाही. परळीत मोठ्या विजेच्या केंद्राची धुराडी लांबूनही दिसतात. अशा मोठ्या उद्योगांनाही सांडपाणी आणि धूर सोडण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. हे मंडळ १९७० साली स्थापन झालं, पाण्याचा केंद्रीय कायदा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा. संमतीची फी उद्योगात किती भांडवल घातलं त्यावर ठरते. म्हणजे शंभर रुपये भरणारी बाई आणि कोट्यवधींचा कारखाना, दोघांच्या पावतीमागं तत्त्व एकच. फी भरली म्हणून घाण करायची मुभा मिळत नाही. फी घेणाऱ्यावर येऊन बघायची जबाबदारी येते.

मग आता करायचं काय? पुढच्या बैठकीत सगळ्या पावत्या घेऊन बसा. एकेक पावती हातात घ्या आणि पाच प्रश्न विचारा. हा कर आहे की फी? कुठल्या नियमानं घेतला? किती घ्यायचा ठरलाय आणि किती घेतला? घेणाऱ्यानं काय करायचं कबूल केलंय? ते गेल्या वर्षी झालं का?

तहबाजारी घेणारा ठेकेदाराचा माणूस असला तरी दर ठरवते नगरपरिषद. दराचा फलक कुठं आहे ते विचारा, छापील पावतीशिवाय पैसे देऊ नका. सरकारी सेवा कोणती, किती दिवसांत आणि किती फीत, हे कार्यालयानं जाहीर करावं, असं २०१५ चा सेवा हक्क कायदा सांगतो. फी कुठं खर्च झाली, तपासण्या किती झाल्या, हे २००५ च्या माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर गटाच्या नावानं चौघी मिळून जा, पण अर्जावर सही एकीची करा.

१८७२ साली मुंबईत पैसेवाल्या करदात्यांनी हिशेबासाठी खुर्च्या मिळवल्या. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत निम्म्या जागा बायांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. पाणीपट्टी किती, आरोग्य कराचा पैसा गटारीवर लागला की दुसरीकडे, बाजारात बायांसाठी संडास आणि पाणी आहे का, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर आज आपलीच एखादी जाऊ, नणंद किंवा शेजारीण बसलेली आहे. तिला आधी घरी गाठून प्रश्न सांगा आणि सभेत तिच्या पाठीशी उभ्या राहा. तिलाही एकटीनं बोलायला जड जातं.

पावती फाडून चुलीत घालू नका, मैत्रिणींनो. गटाच्या फाइलीत लावा. तुम्ही तुमचं दिलंय, याचा तो पुरावा आहे. आता समोरच्यानं त्याचं द्यायचं बाकी आहे, आणि ते मागायला आपण गेलो पाहिजे.